फोटोत नुसता हात

"अगं, जरा खाली बस ना. फोटोत येतेय तू."

भैयासाहेब मराठीत बोलले. पटवारी, म्हणजे तलाठी, इथलाच, माळव्यातला. त्याला मराठी कळत नव्हतं. तो मोबाईल समोर धरून उभा होता आणि त्याला घाई होती, अजून बरीच शेतं बघायची होती.

समोर सोयाबीन. म्हणजे जे काही उरलं होतं ते. कापणीच्या तोंडावर पाऊस लागला आणि हटेना. शेंगा झाडावरच फुटल्या, आतल्या दाण्यांना कोंब आले, मग कोंबही कुजले. काळी माती घोट्यापर्यंत गिळत होती. वास असा, की श्वास घेताना तोंड उघडायचं नाही.

मी खाली बसले. उकिडवी, चिखलात.

"तिथे नको. थोडी मागे सरक. हां, बस. आता झाडं वर धर."

मी उपटलेल्या झाडांची जुडी वर धरली. सरकारी फोटोत शेतकरी दिसायला लागतो आणि बुडालेलं पीकही दिसायला लागतं. भैयासाहेबांना त्या झाडांना हात लावायचा नव्हता. अळ्या होत्या, घाण होती, कुडता पांढरा होता. म्हणून शेतकरी म्हणून ते उभे राहिले आणि पीक माझ्या हातात राहिलं.

पटवारी म्हणाला, "हाथ थोड़ा और ऊपर, बाई."

मी हात आणखी वर केला. कुजलेलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तिथून पदरावर. फोटो झाला. मग पटवारीनं मोबाईलमध्ये काहीतरी भरत, मान वर न करता विचारलं, "खेती कौन करता है?"

"खुद काश्त है हमारी," भैयासाहेब म्हणाले.

स्वतः कसतो, म्हणाले. मी अजून त्यांच्या गुडघ्याशी बसलेली होते. माझ्या नखांत त्याच शेताची माती होती. पटवारीनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी तोंड उघडलं नाही. का उघडलं नाही, ते सांगायचं तर मागचं सांगावं लागेल.

आम्ही महार. आजोबा खानदेशातून इंदूरच्या मिलमध्ये आले. मिल चालू होती तोवर आमच्या वस्तीत भोंग्यावर चूल पेटायची. मिल बंद पडली, माणसं इकडेतिकडे पांगली. कुणी हातगाडी लावली, कुणी रंगकामाला गेलं. माझा बाप हातोदच्या बाजूला भैयासाहेबांच्या शेतावर राखणदार म्हणून आला. भैयासाहेबांचे आजोबा संस्थानच्या काळात दप्तरात मोठ्या हुद्द्यावर होते, जमीन तेव्हाची. ते स्वतः बँकेतून निवृत्त झालेले, घर जुनी इंदूरमध्ये. शेतावर यायचे ते हुरड्याला आणि पाहुण्यांना विहीर दाखवायला. बाप गेल्यावर तेच शेत मी आणि माझ्या नवऱ्यानं बटाईनं धरलं. बी-खताचा खर्च अर्धा-अर्धा, मेहनत सगळी आमची, पीक अर्धं-अर्धं. नवरा हातोद मंडीत लोडिंग टेम्पो चालवतो, म्हणजे मेहनत माझीच. राहायला शेताच्या कडेला दोन खोल्या. त्याही त्यांच्याच.

त्या गावात मराठी बोलणारं माझं एकच घर. बाकी सगळं माळवी. मीही माळवीच बोलायची, लहानपणापासून जीभ वळलेली. पण भैयासाहेब गाडीतून उतरले की म्हणायचे, "काय गं, कशी आहेस? पोरं ठीक ना?" आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. आईच्या तोंडची भाषा एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळायची. शेजारणींसमोर मी मिरवायची. तुमचे मालक तुम्हाला 'ए' म्हणून बोलावतात, आमचे आमच्याशी घरच्या भाषेत बोलतात.

बापाला तर त्या भाषेनं वेडच लावलं होतं. "आपले आहेत ते," म्हणायचा. "परक्या मुलखात आपलं माणूस मालक मिळालं, नशीब." त्या नशिबापायी त्यानं कधी पगार वाढवून मागितला नाही. भैयासाहेबांच्या ओसरीच्या आत त्यानं कधी पाय ठेवला नाही, आणि हे त्याला कधी खटकलंही नाही. किंवा खटकलं असेल, बोलला नसेल. विचारायला आता तो नाही.

तर असा सगळा ऋणानुबंध. म्हणून मी गुडघ्याशी बसले आणि गप्प राहिले.

आणि त्या फोटोच्या आधीचे दिवस. तेही सांगते, कारण लोकांना हे माहीत नसतं. पीक बुडालं की माणूस काय करतो? लवकर नांगर घालतो. मेलेलं उचलून फेकतो, जमीन मोकळी करतो, लसूण-बटाटा लावायची वेळ साधतो. निदान गुरांना तरी सोडतो आत. पण सरकारी मदत हवी असेल तर सर्वे होईपर्यंत पीक जसंच्या तसं उभं पाहिजे. काढलं, चरवलं, तर नुकसान दाखवणार कुठलं?

भैयासाहेबांचा फोन आला. "काही हात लावू नको हां शेताला. पटवारी येईल. एकपण झाड हललं नाही पाहिजे, समझली ना?"

समजली. मग मी त्या कुजलेल्या पिकाची राखण सुरू केली. हिरवं, भरलेलं पीक राखतात, ते मी जन्मभर केलं होतं. रानडुकरं, नीलगायी, पाखरं, सगळ्यांना हाकललं होतं. पण मेलेलं पीक राखायची पाळी पहिल्यांदा आली. बांधावर काठी घेऊन बसायचं आणि समोर आपलेच कष्ट सडताना बघायचे. गाईगुरं हिरव्या अंकुराच्या वासानं यायची, त्यांना पिटाळायचं. शेजारच्या गेंदाबाईच्या शेळ्या रोज यायच्या. गेंदाबाई विधवा बाई, त्या शेळ्यांवरच तिचं घर. एके दिवशी तिनं हात जोडले.

"बई, सड़ी ग्यो हे. बकर्यां ने खाने दे. कंई काम को हे अबे?"

मी म्हटलं, नाही. सर्वे व्हायचाय.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं, "यो खेत थारो हे कंई?"

हे शेत तुझं आहे का. बस, एवढंच. टोमणा मारला नाही तिनं, खरंच विचारलं. मी शेळीला ढेकूळ मारलं. ढेकूळ लागलं नाही, पण त्यानंतर गेंदाबाईनं माझ्या विहिरीवर पाणी भरणं सोडलं. लांबच्या हापशावर जायला लागली.

पटवारी आला तोवर लसणाची वेळ टळून गेली होती.

थंडीत कळलं की मदत जमा झाली. गावात ज्यांची जमीन त्यांच्या खात्यात. नवरा म्हणाला, "आपला अर्धा हिस्सा तर देतीलच. पीक अर्धं, तर मदतही अर्धी. सीधी बात आहे." त्याला सगळ्याच गोष्टी सीध्या वाटतात, म्हणून मी त्याच्यावर चिडतेही आणि म्हणूनच त्याच्याशी संसारही होतो. मी एक दिवस बस धरून जुनी इंदूरला गेले.

वहिनीसाहेबांनी दार उघडलं. "ये गं, ये. बरं झालं आलीस." ओसरीत बसायला सांगितलं. त्यांची बहीण आली होती कुठूनशी, आतल्या झोपाळ्यावर बसली होती. मला चहा आला. त्यांच्या हातात कपबशा होत्या. माझ्या हातात कागदाचा पेला आला, पाण्याचाही वेगळा कागदाचा पेला. माझ्या आईच्या वेळी कोनाड्यात कान तुटलेला कप असायचा. तो धुवून उपडा घालावा लागायचा. कागदाचा पेला धुवायला लागत नाही, फेकून द्यायचा असतो. एवढी सुधारणा झाली आहे.

वहिनीसाहेब बहिणीला मोबाईल दाखवत होत्या. "हे बघ ना, आमचे हे कसे शेतकरी दिसतायत! सर्वेवाल्याकडून मागून घेतला. मी सगळ्या ग्रुपवर टाकला."

बहीण हसली. मग तिनं फोटो मोठा करून पाहिला. "आणि हा हात कुणाचा गं? खाली, कोपऱ्यात? कसला काळाकुट्ट आहे, आणि हिरव्या बांगड्या."

"असेल कुणी शेतावरची बाई," वहिनीसाहेब म्हणाल्या.

मी समोर बसले होते. तोच हात, त्याच बांगड्या, त्याच हातात तो पेला. त्यांनी मला मुद्दाम टोचायला म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं, त्याची सवय आहे. पण तसं नव्हतं. त्यांना खरंच सुचलं नाही, की तो हात या बाईचा आहे. दहा पावलांवर मी आणि मोबाईलमध्ये माझा हात, पण दोन्ही जोडून पाहायची त्यांना गरजच पडली नाही. मी पेला खाली जमिनीवर ठेवला.

भैयासाहेब बाहेर आले. मी मदतीचं विचारलं. अडखळत विचारलं, जसं उसनं मागावं तसं.

ते माझ्याजवळच्या खुर्चीवर बसले, समजावणीच्या सुरात बोलायला लागले. "असं बघ, पीक बुडालं, ते आपलं दोघांचं बुडालं. माझं पण नुकसान झालं ना? पण सरकार जे देतं ते जमिनीच्या मालकाला देतं. ते काय पीक नाही, की वाटून घ्यायचं. बरोबर आहे की नाही?"

मी मान डोलावली. आजही डोलावली असती, कोण जाणे, इतकं सफाईदार बोलतात ते. उठताना त्यांनी आतून शेवेची थैली आणवली, सराफ्याच्या खाऊगल्लीतली, अजून गरम असलेली. "पोरांना ने. मिलची माणसं तुम्ही, तिखट आवडतं तुम्हाला."

मी ती घेतली. फेकून दिली असं लिहायला मला आवडलं असतं. पण पोरं घरी वाट बघत होती, आणि अन्न फेकायची आम्हाला सवय नाही. रात्री पोरांनी शेव खाल्ली, नवऱ्यानंही मूठभर घेतली. "दिलं काय?" त्यानं विचारलं. मी थैलीकडे बोट दाखवलं. तो बराच वेळ चावत राहिला.

त्या रात्री मी बांगड्या उतरवून ठेवल्या आणि हाताकडे बघत बसले. राग आला होता, पण तो भैयासाहेबांवर आधी आला नाही. आधी माझा मलाच आला. बापाचाही आला. पण राग नुसता आला म्हणून काय होतं? सकाळी गव्हाला पाणी सोडायचंच होतं. म्हणजे गहू पेरला होता आम्ही तेव्हा, त्याच शेतात, त्याच बटाईनं.

पाणी देऊन झाल्यावर मी हातोदला गेले, तहसीलच्या आवारात. बाहेर झाडाखाली एक म्हातारा टायपिंगवाला बसतो. त्याला विचारलं. तो चष्मा वर करून म्हणाला, "बटाईवाले का भी हक बनता है, बाई. लेकिन लिखापढ़ी होनी चाहिए. मालिक और बटाईदार, दोनों की सही, और एक कॉपी तहसील में जमा. वो नहीं है तो तुम खेत में हो ही नहीं."

तुम खेत में हो ही नहीं. म्हणजे मी शेतात नव्हतेच.

मी भैयासाहेबांना फोन केला. करार करू या म्हटलं. सरळ म्हटलं, पण आवाज बारीकच होता.

ते हसले. रागावले नाहीत, हसले. "अगं वेडी आहेस का? कागद परक्यांशी करतात. ते पटवारी, तहसीलवाले, ते सगळे बाहेरचे. आपण मराठी माणसं. तुझा बाप माझ्याकडे एवढी वर्षं राहिला, त्याच्याशी केला होता कधी कागद? घरच्याघरी कागद असतो का? काय गं तू पण!"

आणि मी पुन्हा विरघळले. हेच मला सगळ्यात लागतं. त्यांनी दमदाटी केली असती तर मी कदाचित तिथेच अडून बसले असते. पण "आपण" म्हणाले. त्यांच्या त्या एका "आपण"नं माझ्या बापाला जन्मभर गप्प ठेवलं आणि मलाही ठेवलं. कपबशीच्या वेळी आपण नसतो. मदत वाटायच्या वेळी आपण नसतो. कागद करायची वेळ आली की मात्र आपण लगेच एका घरचे होतो.

गहू चांगला आला होता. ओंब्या भरल्या, पिवळ्या पडायला लागल्या. होळी व्हायची होती. एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं आणि गारा आल्या. पत्र्यावर एवढा आवाज, की पोरं रडली ते दिसलं फक्त, ऐकू नाही आलं. थांबल्यावर बाहेर आले. सगळा गहू जमिनीवर झोपलेला. ओंब्या तुटून चिखलात. बांधावर गेंदाबाई तिच्या मेलेल्या करडाला कुशीत घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

फोन वाजला. "हात लावू नको शेताला," भैयासाहेब म्हणाले. "सर्वे होईल."

मी हात लावला नाही. पडलेल्या गव्हातला थोडातरी झोडून खायला काढता आला असता, तोही काढला नाही. पण या वेळी राखण मी माझ्यासाठी करत होते. मनात ठरवलं होतं. काय होईल ते होवो, पटवारी विचारेल तेव्हा उत्तर मी देणार.

या वेळी पटवारी नवी होती. तरुण मुलगी, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, बूट चिखलानं भरलेले. आणखी काही गावकरीही तिच्या मागे होते, प्रत्येकाला आपल्या शेतावर न्यायची घाई. भैयासाहेब गाडीतून उतरले. मला पाहून हसले. "आलीस? चल, लवकर आटपू."

ते उभे राहिले. मी ओंब्यांची पेंडी उचलली आणि त्यांच्या बाजूला उभी राहिले. खांद्याला खांदा नाही म्हणणार, पण बाजूला.

ते हळूच, न बघता म्हणाले, "अगं, खाली बस ना. फोटोत येतेय तू."

मागच्या वेळचेच शब्द. तोच मऊ आवाज. त्यांना खात्री होती, की ही भाषा इथे फक्त आम्हा दोघांची आहे आणि तिच्यात बोललेलं दोघांतच राहतं.

पाय बसायला निघालेच होते, खोटं नाही सांगत. गुडघे वाकले सुद्धा. पाय माझे होते, पण वळण बापाचं होतं.

मी गुडघे सरळ केले. आणि पटवारीकडे बघून, मोठ्यानं, गावच्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल असं हिंदीत म्हटलं, "मैडम, साहब मुझसे मराठी में कह रहे हैं कि नीचे बैठ जाओ, फोटो में आ रही हो. मैं नहीं बैठूँगी. ये गेहूँ मैंने बोया है."

मागच्या शेतात कुणाचातरी ट्रॅक्टर बंद पडल्याचा आवाज आला. भैयासाहेबांचा चेहरा मी आधी कधी असा पाहिला नव्हता. ते रागावलेले नव्हते. भर बाजारात कुणीतरी अंगावरचं धोतर ओढावं तसे ते गांगरले होते. त्यांच्या भाषेला दार होतं, आणि ते मी बाहेरून सगळ्यांना उघडून दिलं होतं.

"कुछ नहीं मैडम," ते म्हणाले, "ये हमारे यहाँ काम करती है, घर जैसी ही है."

पटवारीनं मला विचारलं, "खेती कौन करता है?"

"मैं."

"बटाई पे?"

"हाँ."

"लिखा हुआ अनुबंध है?"

मी मान हलवली. नाही.

तिनं मोबाईल खाली घेतला. चेहरा पडला तिचा, ते मला दिसलं. "तो मैं आपका नाम नहीं चढ़ा सकती, दीदी. होता तो चढ़ाती. समझ रही हो ना?"

"समझ रही हूँ."

"फोटो में रहना है आपको?"

"रहूँगी."

"नाम तो फिर भी साहब का ही जाएगा."

"जाने दो. रहूँगी मैं."

पेंडी मी भैयासाहेबांपुढे धरली. "पकड़िए," मी म्हटलं. हिंदीतच. त्यांना ती घ्यावी लागली, सगळे बघत होते. फोटो झाला. त्या फोटोत माझं तोंड आहे. तो फोटो मी पाहिला नाही, कुठल्या ग्रुपवर आला असेल असंही वाटत नाही. पण सरकारी मोबाईलमध्ये कुठेतरी तो आहे आणि त्यात एक बाई उभी आहे.

गेंदाबाई बांधावरून बघत होती. जाताना ती फक्त म्हणाली, "चोखो कर्यो." बरं केलंस. दुसऱ्या दिवशी ती माझ्या विहिरीवर पाणी भरायला आली. पण विहीर तोवर माझी राहिली नव्हती.

फोन सकाळीच आला होता. "तुझ्या बापाकडे बघून ठेवलं होतं तुला. चार लोकांत माझी इज्जत घालवलीस. आपल्या माणसानं असं करायचं? खोल्या खाली कर." ते मराठीतच बोलत होते. मी हिंदीत उत्तर दिलं. "कर दूँगी साहब." मराठी मला येत नाही असं नाही. मी हे ज्या भाषेत लिहिते आहे ती माझीच आहे, माझ्या आजोबांनी ती मिलच्या धुरातून सांभाळून आणली. पण त्यांच्याशी त्या भाषेत बोलणं मी त्या दिवशी बंद केलं.

नवरा संतापला. "तोंडाला लागायची काय गरज होती? फोटोच तर होता. आता पोरांना घेऊन जायचं कुठं?" त्याचं चुकीचं नव्हतं. टेम्पोत भांडी, कोठी, पोरांची दप्तरं भरताना तो एक शब्द बोलला नाही. हातोदला एक खोली मिळाली, खिडकी नसलेली. त्या उन्हाळ्यात मी दुसऱ्यांच्या शेतात रोजानं लसूण काढला. बोटांना त्याचा वास इतका बसला, की भाकरीलाही लागायचा. थकून जायची. आताही थकलेलीच आहे. लढाई जिंकली असं मला वाटत नाही. मदत त्यांच्याच खात्यात गेली, शेत गेलं, घर गेलं. नवरा आता कुठे पुन्हा जेवताना बोलायला लागला आहे.

एक गोष्ट मात्र मी बरोबर आणली. सोयाबीनचं बी. तो पाऊस लागून पीक कुजायच्या आधी कोपऱ्यातली थोडी झाडं लवकर पिकली होती, ती मी वेगळी काढून ठेवली होती. निवडलेलं, वाळवलेलं, एका कट्ट्यात, छोट्या पोत्यात. नव्या बटाईला लागेल म्हणून.

आता पेरणी जवळ आली आहे. परवा इथलाच एक शेतमालक खोलीवर आला. माळवी माणूस, बरा वाटला, बोलायला नम्र. मंडीत नवऱ्याला ओळखतो. दारातच उभा राहून म्हणाला, "सुना है मेहनती हो. ज़मीन अच्छी है, पानी है. बोल दो, कल से हल चलवा दूँ."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला माहीत आहे. हो म्हण, म्हणत होते. यापूर्वी दोन मालक असेच आले आणि माझं ऐकून परत गेले.

मी म्हटलं, "पहले लिखापढ़ी. तहसील में जमा. फिर हल."

"अरे दीदी, हम कोई बाहर के हैं क्या? घर की बात है."

"घर की बात है तो घर के नाम से लिखो."

तो हसला. मग हसणं थांबलं. मीही हसत नव्हते, हे त्याला दिसलं.

"भरोसा नहीं है क्या हम पर?"

हा प्रश्न माझ्या आजोबांना मिलच्या मालकानं विचारला असेल. माझ्या बापाला भैयासाहेबांनी विचारला होता. दोघांनी मान खाली घालून एकच उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तराखाली आमच्या तीन पिढ्या उकिडव्या बसल्या.

बियाण्याचा कट्टा माझ्या मागे भिंतीशी होता, तोंड बांधलेला.

"नहीं है," मी म्हटलं.